काहीही न करण्याची शिकवणी

खेळाच्या जगानं आळशी माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय केला आहे. पळा, उड्या मारा, घाम गाळा. आणि एवढं करून उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं तर 'प्रयत्न कमी पडले' हे वर ऐकून घ्या. बुद्धिबळ बसून खेळतात म्हणून थोडी आशा वाटावी, तर तिथे डोकं चालवावं लागतं. हातपाय जितके कमी हलवाल आणि डोकं जितकं कमी चालवाल तितकी प्रगती जास्त, असा खेळ मला पन्नाशी उलटल्यावर भेटला. फ्रीडायव्हिंग त्याचं नाव. पाठीवर हवेचं नळकांडं नाही, यंत्र नाही. वर एक श्वास भरून घ्यायचा, तेवढ्यावर खाली जायचं आणि तेवढ्यावरच परत यायचं. घरी हे सांगितलं तेव्हा ह्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "आणि मध्येच श्वास घ्यावासा वाटला तर?" प्रश्न भाबडा वाटतो, पण नवशिक्याची सगळी शिकवणी त्या एका प्रश्नाभोवतीच फिरते.

माझी भाची दुबईत नोकरी करते. तिथली तरुण मंडळी सुट्टी टाकून इजिप्तमधल्या दहाबला जातात, तशी ती निघाली आणि मलाही घेऊन गेली. सिनाईच्या उघड्याबोडक्या डोंगरांतून रस्ता उतरतो आणि एकदम समोर अकाबाचं आखात येतं. पलीकडच्या तीरावर सौदी अरेबियाचे डोंगर दिसतात. गाव बेदुइनांचं, शेळ्यांचं आणि मांजरांचं. इथला समुद्र आपल्या कोकणातल्यासारखा लांबवर उथळ नाही. किनाऱ्यापासून थोडं गेलं की प्रवाळाची कड संपते आणि पाणी सरळ खोल जातं. होडीचा खर्च नाही. चहा संपवून पाण्यात उतरलं की खोली हजर. त्यामुळे देशोदेशीचे दम धरणारे लोक इथे महिनेच्या महिने मुक्काम ठोकून असतात आणि उपाहारगृहात बसल्या बसल्या नाक चिमटीत धरून गाल फुगवत असतात. गावाच्या उत्तरेला 'ब्लू होल' नावाचा प्रसिद्ध डोह आहे, अगदी काठालगत आणि सुमारे १०० मीटर खोल. तिथे जीव गमावलेल्या पाणबुड्यांच्या नावांच्या पाट्या शेजारच्या कड्यावर लावलेल्या आहेत. त्यांतले बहुतेक नळकांडी लावून गेलेले होते, हे भाचीनं मला दोनदा सांगितलं. धीर देण्याची तिची पद्धत.

"मावशी, तू विहिरीत पोहायला शिकलीस ना? मग तुला काय अवघड?"

विहिरीत शिकले हे खरं. पाठीला भोपळा बांधून सुरुवात, आणि शेवटची परीक्षा म्हणजे बुडी मारून तळाचा गाळ मुठीत आणून दाखवणे. गाळ आणताना कानांत सुया टोचायच्या, छाती धडधडायची आणि रिकाम्या हातानं वर आलं की मोठी मुलं म्हणायची, "दम नाही हिच्यात." दम होता, हे मला दहाबला कळलं. कानांची विद्या नव्हती.

पण त्याआधी वेटसूट. अंगाला घट्ट बसणारा हा रबरी पोशाख आतून साबणाचं पाणी लावून चढवतात. एक पाय आत जाईपर्यंत दुसऱ्याचा उत्साह संपतो. भाची पुढून ओढत होती, कुणी अनोळखी जर्मन बाई मागून ढकलत होत्या, आणि या धांदलीत देशादेशांतला संकोच पार गळून पडला. मग कमरेला शिशाच्या वजनांचा रबरी पट्टा. तो अशा बेतानं भरतात की पृष्ठभागावर माणूस तरंगावा आणि दहाएक मीटरवर ना वर जावा ना खाली. पट्टा एका हातानं सोडता आलाच पाहिजे, हे पुन्हा पुन्हा करून घेतलं जातं.

आमची शिक्षिका कैरोची, वयानं माझ्या मुलीएवढी. ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिनं पहिल्याच तासाला, न विचारता दिलं. श्वास घ्यावासा वाटणं आणि प्राणवायू संपणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण दम धरला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि मेंदूतली श्वासाची यंत्रणा त्याच्याकडे बघून ओरडायला लागते. ऑक्सिजनकडे तिचं फारसं लक्षच नसतं. नवशिक्याचा जीव पहिल्यांदा कासावीस होतो तेव्हा त्याच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर शिल्लक असतो. म्हणजे शरीर खोटं बोलत नाही, फक्त फार लवकर बोलतं. आमच्या माहेरी सहाच्या गाडीसाठी चारला फलाटावर जाऊन बसायचा रिवाज होता. तेव्हा हे मला पटायला वेळ लागला नाही. फलाटावर पोचलो म्हणजे गाडी सुटली, असं होत नाही.

आमच्या तुकडीत ठाण्याचे एक गृहस्थ होते. "हे सगळं आपल्याकडचंच आहे," असं ते रोज एकदा म्हणत. पूर्णपणे चूक नव्हतं ते. १९७६ साली इटलीतल्या एल्बा बेटाजवळ पहिल्यांदा १०० मीटर खाली गेलेला फ्रेंच पाणबुड्या जाक मायोल योगाभ्यास करायचा, ही प्रसिद्ध गोष्ट आहे. गृहस्थांनी तेवढ्या आधारावर पाण्यात उभं राहून जोरदार भस्त्रिका सुरू केली. शिक्षिका एरवी कधी आवाज चढवत नसे. तिनं चक्क हाताला धरून त्यांना काठावर आणलं. कारण साधं आहे. धडधाकट माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच ९७-९८ टक्क्यांपर्यंत भरलेला असतो. भात्यासारखे श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. उडून जातो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ओरडून सावध करणारा. मग माणसाला पाण्याखाली छान वाटतं, आणखी छान वाटतं, आणि कसलीही सूचना न मिळता तो बेशुद्ध होतो. गृहस्थ दिवसभर हिरमुसले. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की आपल्या शास्त्रातही कुंभकाआधी पूरक सावकाशच सांगितला आहे. माघार घ्यावी तर अशी.

दम धरण्याचा पहिला धडा उथळ पाण्यात असतो. पालथं तरंगायचं, तोंड पाण्यात, हात सैल, आणि काही करायचं नाही. जोडीदार शेजारी उभा राहून थोड्या थोड्या वेळानं खांद्याला हात लावतो. आपण एक बोट वर करून शुद्धीवर असल्याचं कळवायचं. तोंड पाण्यात घातल्यावर अथांग शांतता वगैरे पसरेल अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी दूधवाल्याला खाडा सांगितला का, कुंड्यांना पाणी कोण घालणार आणि ह्यांना तूरडाळीचा डबा सापडला असेल का, हे विषय पटलावर आले. काळजी आली की नाडी वाढते, जबडा आवळतो, खांदे चढतात, आणि आवळलेला प्रत्येक स्नायू ऑक्सिजन खात बसतो. म्हणून एकेक अवयव सोडून द्यायला शिकवतात: कपाळ, जबडा, जीभ, खांदे, पोट, मांड्या. योगवर्गात शवासनात घोरल्याबद्दल मी आजवर बोलणी खाल्ली होती. इथे त्याच गुणावर शाबासकी मिळाली.

पाण्यात दडून राहण्यात आपल्याकडे दुर्योधनाचा हात धरणारा कुणी नाही. त्याचं तंत्र निराळं असेल, पण द्वैपायन डोहात पाणी स्तंभित करून तो बरा निवांत पडला होता. काठावरून धर्मराजानं टोचून बोलायला सुरुवात केली आणि त्याचा ताबा सुटला. शिक्षिकेला मी ही गोष्ट सांगितली. तिनं विचार करून मत दिलं, "राग आला की नाडी वाढते. त्यानं ऐकायलाच नको होतं." महाभारतावर इतकी व्यवहारी टीका मी कुठल्या प्रवचनात ऐकलेली नाही.

आणि मग तो धक्का येतो. नवशिक्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग हाच. बरगड्यांखाली आतून कुणीतरी लाथ मारावी तसं पोट उसळतं. श्वासपटल आपल्याला न विचारता आकसतं. हवा आत ओढायची असते, पण गळा बंद असतो. पहिला धक्का बसला की माणूस पाण्याबाहेर येतोच. मी तर अशी उठले की शेजारच्या दोघांची साधना भंगली. शिक्षिकेनं विचारलं, "दुखलं का?" दुखलं नव्हतं. "चक्कर आली?" तीही नाही. "मग काय झालं?" याचं उत्तर मला देता येईना. भीती वाटली, एवढंच झालं होतं. पुढच्या वेळी तिनं पळायचं नाही, फक्त धक्के मोजायचे असं सांगितलं. एक, दोन, तीन. मोजायला लागल्यावर त्या प्रकाराकडे जरा लांबून बघता येतं. पोट उसळतंय, छाती हवा मागतेय, आणि तरी खांदे सैल सोडता येतात. हे दोन्ही एकाच वेळी शक्य असतं, हे पन्नास वर्षं या शरीरात राहूनही मला माहीत नव्हतं. प्राथमिक शिकवणीत साधारण दोन मिनिटांचं लक्ष्य असतं. तीस सेकंदांत मरू असं मानणारी बहुतेक माणसं तिथवर पोचतात, आणि पोचल्यावर ज्याला त्याला सांगत सुटतात.

शरीर या कामात आपल्याला मदतही करतं. चेहरा गार पाण्यात गेला आणि श्वास थांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त हृदय-मेंदूकडे वळतं. प्लीहा आकसून राखून ठेवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. सील आणि देवमाशांकडे हे सगळं भरघोस आहे, आपल्याकडे थोडंफार. मात्र हातापायांतलं रक्त धडाकडे आलं की मूत्रपिंडांचा गैरसमज होतो की अंगात पाणी फार झालं. त्यामुळे अर्ध्या तासात पाण्यातली सगळी मंडळी, देश-धर्म-वय काहीही असो, एकाच अडचणीत असतात. वेटसूट भाड्यानं घेताना या माहितीवर फार विचार करू नये.

इथवर ठीक. खरी अडवणूक करतात ते कान. पाण्याखाली दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि कानाच्या पडद्यामागची हवा तेवढीच आकसते. दहावरून वीस मीटरवर जाताना तो जेमतेम दीडपट होतो. म्हणजे सगळ्यात मोठा फरक अगदी वरच्या उथळ पाण्यात पडतो, आणि विहिरीत गाळ काढताना टोचणाऱ्या सुया याच. पडद्यामागे नाकाच्या मागच्या वाटेनं हवा पोचवली की दुखणं जागच्या जागी थांबतं. नाक धरून छातीतून जोर लावायची जुनी रीत सतराव्या-अठराव्या शतकातल्या वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाते. विमानात आपण करतो ती हीच. उलटं खाली जाताना ती लवकरच दगा देते. मग फ्रेंझेल नावाच्या जर्मन डॉक्टरची युक्ती शिकावी लागते: गळा बंद ठेवायचा, तोंडात थोडी हवा कोंडायची आणि जिभेचा दट्ट्या करून ती मागे लोटायची. छातीचा काही संबंध नाही.

ऐकायला सोपं. पण आपल्या तोंडात जीभ नेमकी कुठे असते याचा पत्ता किती जणांना असतो? तुकडीतले युरोपीय लोक आरशापुढे तोंड उघडून हताशपणे बघत होते. शिक्षिका सांगत होती, आता 'ट' म्हणतो तशी जीभ लावा, आता 'क' म्हणतो तशी मागून उचला. आणि इथे, आयुष्यात प्रथमच, तिसरीतल्या बाईंनी छडी घेऊन पाठ करून घेतलेली वर्णमाला कामी आली. क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य. जीभ कुठे टेकते याचा नकाशा आम्हाला लहानपणीच देऊन ठेवला होता. फक्त त्याचा उपयोग कानांत हवा भरण्यासाठी आहे हे बाईंनी सांगितलं नव्हतं. ठाण्याच्या गृहस्थांना हे लक्षात आणून दिलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "बघा, आपल्याकडचंच!" त्या दिवशी मी वाद घातला नाही.

नकाशा असला तरी कान उघडतातच असं नाही. एक उघडतो, दुसरा रुसतो. सर्दी असेल तर दोन्ही. आणि इथे जोर चालत नाही, हेच शिकाऊ माणसाच्या पचनी पडत नाही. प्रयत्नांती परमेश्वर हे ज्यांच्या हाडीमाशी खिळलं आहे त्यांनी जोर लावला की गळा आणखी आवळतो आणि वाट आणखी बंद होते. दुखायला लागलं की थांबायचं, थोडं वर यायचं, नाही उघडला तर सरळ परत फिरायचं. परत फिरणाऱ्याचं तिथे कौतुक करतात. मला हे फार आवडलं. आपल्याकडे गड अर्ध्यातून उतरलेल्या माणसाला घरी येईपर्यंत स्पष्टीकरणं द्यावी लागतात.

मग दोर. पाण्यावर एक बोया, त्याला लोंबता दोर, खालच्या टोकाला चकती. बोयाला धरून पालथं तरंगायचं, नळीतून सावकाश श्वास घ्यायचा. अगदी शेवटी एक भरगच्च श्वास, आधी पोटात आणि मग छातीत, नळी तोंडातून काढायची आणि कमरेत वाकून डोकं खाली. त्या क्षणी पाय हवेत सरळ उभे राहायला हवेत. माझे पाय वरच्या जगाचा निरोप घेत बराच वेळ हलत होते, असं भाचीच्या चित्रफितीवरून कळलं. खाली गेल्यावर दोर हातांनी हलकेच ओढत उतरायचं, दर मीटरला नाक धरून कान उघडायचे आणि नजर समोरच्या दोरावर ठेवायची. खाली बघायचं नाही. तळ किती लांब आहे हे बघायला मान उचलली की गळा ताणला जातो आणि कान बंद. चौकस माणसाला ही शिक्षाच आहे. मास्कही चेहऱ्यावर आवळायला लागतो. नाकातून थोडी हवा सोडली की सैलावतो. पोहण्याचा साधा चष्मा इथे चालत नाही तो याचसाठी, त्यात नाक बाहेर राहतं.

दहा मीटरवर फुफ्फुसातली हवा निम्मी होते, वीसवर एक तृतीयांश, तीसवर पाव. १९४९ साली राइमोंदो बुखेर या इटालियन माणसानं कॅप्रीजवळ ३० मीटरवर जाण्याची पैज मारली तेव्हा जाणकारांनी त्याची छाती चिरडेल असं भाकीत केलं होतं. तो गेला आणि हसत वर आला. खोलवर छातीतल्या रक्तवाहिन्यांत रक्त भरून रिकामी जागा व्यापतं, हे पुढे कळलं. नवशिक्याचा याच्याशी संबंध बेताचाच. बारा ते वीस मीटरांत त्याची शिकवणी आटोपते. पण त्या शेवटच्या मीटरांत एक चमत्कारिक गोष्ट चाखायला मिळते. वर तरंगवणारी हवा आकसल्यामुळे आता पाणी आपल्याला वर ढकलत नाही, ते खाली घेऊ लागतं. पाय मारावे लागत नाहीत. हात नुसता दोराभोवती ठेवायचा आणि जायचं. आळशांचा स्वर्ग म्हणतात तो याच खोलीवर असावा.

वर येणं मात्र सुखाचं नाही आणि तिथे हसण्यावारी नेण्यासारखंही काही नाही. खाली दाबामुळे ऑक्सिजन रक्तात ढकलला जात असतो. वर येताना दाब उतरतो आणि शेवटच्या दहा मीटरांत तो झपाट्यानं घसरतो. शुद्ध हरपते ती बहुतेक वेळा इथे किंवा पृष्ठभागावर पोचल्यानंतर, माणूस हसून बोया पकडतो तेव्हा. म्हणून जोडीदार अर्ध्या वाटेवर घ्यायला येतो आणि वर आल्यावरही निदान अर्धा मिनिट डोळ्यांत डोळे घालून बघत राहतो. लग्नानंतर माझ्याकडे इतका वेळ एकटक कुणी पाहिलेलं नाही. वर आल्यावर आधी जोरात श्वास सोडायचा नाही. आत घ्यायचा, क्षणभर धरायचा, थोडाच सोडून पुन्हा घ्यायचा. स्पर्धेत तर १५ सेकंदांत मास्क उतरवून ठीक असल्याची खूण केली नाही, तर कितीही खोल गेलेली बुडी बाद होते.

तुकडीत सगळ्यात मोठी मीच, म्हणून वयाचा विषय निघाला. शिक्षिकेनं दोन उदाहरणं दिली. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका सत्तरी ओलांडूनही एका श्वासावर बुडी मारून शिंपले आणि समुद्री शेवाळ काढतात. वर येताना त्यांच्या तोंडून शीळ निघते. २०१६ साली युनेस्कोनं त्यांच्या या परंपरेला मानवजातीच्या वारशात जागा दिली. दुसरं नाव रशियाच्या नतालिया मोल्चानोव्हाचं. तरुणपणी पोहणारी, संसारात खेळ सुटलेली ही बाई चाळिशीच्या सुमारास पाण्यात परतली. २००९ मध्ये दहाबहून जवळच असलेल्या शर्म अल शेखच्या समुद्रात फिन्सच्या बळावर १०० मीटरपलीकडे जाणारी ती पहिली स्त्री ठरली, आणि २०१३ मध्ये तिनं ९ मिनिटं २ सेकंद दम धरला. जगातल्या सर्वश्रेष्ठांपैकी एक. २०१५ च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ एका साध्या शिकवणीच्या दिवशी ती बुडी मारून गेली आणि परत आली नाही. शिक्षिका हे सांगून गप्प झाली. भाचीनंही या वेळी धीर देण्याचा प्रयत्न केला नाही.

आता वाचणाऱ्यांना एक विनंती आहे, आणि ती दहाबला जाणाऱ्यांपेक्षा घरी राहणाऱ्यांना जास्त आहे. मे महिन्यात तलावावर आणि विहिरीवर पोरं पैजा लावतात: पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो. जिंकायच्या ईर्षेनं एखादा आधी भराभर दहावीस श्वास घेतो आणि बुडी मारतो. काठावरच्या मोठ्यांना वाटतं, पोरगं तयारीचं आहे. त्याला तिथेच थांबवा. पाण्यात दम धरायच्या आधी भात्यासारखे श्वास घेऊ देऊ नका. घरच्या टबात किंवा सोसायटीच्या तलावात एकट्यानं श्वास रोखून बसायचा सराव मोठ्यांनीही करू नये. लक्ष ठेवणारा माणूस काठावर मोबाईल घेऊन बसलेला नको. तो पाण्यात, हाताच्या अंतरावर हवा, आणि बुडालेल्या माणसाला वर कसं काढायचं हे त्याला येत असायला हवं.